पाण्यातली मोटर गरम होत नाही

“मरून राह्यले, पाटील, मरून राह्यले. ते पोहे ठेव खाली अन् इकडं ये आधी.”

शेठ मागच्या खोलीतून ओरडत होते. आमचं दुकान मस्तगडच्या बाजारात, विहिरीवरच्या मोटरींचं आणि पाइपांचं. मी तिथला फिटर. शेठचा आवाज एरवी असा, की गिऱ्हाईकाला भाव सांगितला तर शेजारी बसलेल्या गिऱ्हाईकालाही कळू नये. त्या सकाळी मात्र तो समोरच्या भांड्याच्या दुकानातल्या घागरींत घुमून परत आमच्याकडं आला. पोह्यांची बशी मी कुठं ठेवली ते आजतागायत आठवत नाही.

आत जाऊन बघतो तर शेठ स्टुलावर उभे. सफारीच्या बाह्या वर सारलेल्या, हातात तांब्या. काचेच्या टाकीतलं पाणी उपसून डोक्याएवढ्या उंचीवरून परत त्याच टाकीत ओतत होते. पलीकडच्या बाजूला त्यांची थोरली बहीण पातेल्यानं तेच करत होती. तिला सगळा बाजार जीजी म्हणायचा. जीजी ओरडत नव्हती. ती मोजत होती. पाण्याच्या वरच्या अंगाला एकतीस तोंडं उघडी पडून हवा मागत होती, आणि ती एकेक तोंड मोजून बघत होती.

“कूलरचा पंप बसला,” शेठ म्हणाले. “तू लावलेला.”

“मी लावला म्हणून तीन आठवडे चालला शेठ,” मी म्हणालो. “दुसऱ्यानं लावला असता तर तिसऱ्या दिवशीच बसला असता.”

असा माझा स्वभाव. घर जळत असलं तरी मी आधी सांगणार की जाळ काय देखणा निघालाय.

पंप उघडला, दांड्याचं अडकलेलं बुश सैल केलं, तेलाचे दोन थेंब सोडले. तो कण्हत कण्हत फिरायला लागला. मासे हळूहळू खाली गेले. जीजीनं पातेलं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, “एकतीस. बराबर हायेत.”

आता कुणी म्हणेल, जैनाच्या घरात मासे काय करत होते. सगळा मस्तगड हेच विचारायचा. घनसावंगीकडचे शेतकरी मोटर घ्यायला आले की आत डोकावून म्हणायचे, “शेठ, रस्सा हाय का तळलेले?” शेठचे कान तांबडे व्हायचे.

त्याचं असं झालं होतं. त्या वर्षी उन्हाळा माघातच सुरू झाला. गावाबाहेरच्या तलावाचं होता होता एक डबकं उरलं, म्हशीनं बसायचं म्हटलं तरी तिला पाय बाहेर ठेवावे लागावेत एवढं. त्या डबक्यात मासे एकमेकांवर पडून तडफडत होते. जीजी देवदर्शनाहून रिक्षानं येताना तिला ते दिसलं. तिनं रिक्षा थांबवली, दूधवाल्याचे दोन रिकामे कॅन मागून घेतले, चिखलात उभ्या असलेल्या माणसांकडून जिवंत होते तेवढे मासे भरून घेतले आणि सरळ घरी आली. एकतीस होते. बोटाएवढे, काही तळहाताएवढे. ते पाळायचे नव्हते. जीव वाचवायचा, पावसानं तलावात पाणी आलं की तिथंच नेऊन सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तोवर ते तिच्या पदरात. जीजीचं लग्न झालं आणि दोन वर्षांत कुंकू गेलं, तेव्हापासून ती भावाकडं. चाळीस वर्षांत तिनं स्वतःसाठी या घरात काही मागितलं नव्हतं, असं शेठच सांगायचे. तिनं पहिल्यांदा मागितलं ते हे.

टाकी मी उभी केली. शोकेसवाल्याकडून चार फुटी काचेची पेटी करून घेतली. औरंगाबादला एका हॉटेलात मी अशी टाकी पाहून आल्तो. वरच्या पेटीतलं पाणी पाइपानं खालच्या सिमेंटच्या छोट्या हौदात उतरायचं, तिथं खडी आणि कोळशातून गाळलं जायचं, आणि पंपानं परत वर. वर पडताना त्यात हवा मिसळायची. पंप थांबला की हवा थांबली. वर-खाली मिळून पाणी असेल पंचेचाळीस घागरी.

“भैया,” पंप बसला त्या दिवशी जीजी मला म्हणाली, “मला बंद न पडणारा पंप पाहिजे. पाऊस येईपर्यंत. बाकी मला काय समजत न्हाई.”

मला सगळंच समजायचं, हीच तर अडचण होती.

मोटरीच्या बाबतीत माझं नाव जाफराबादेपासून अंबडपर्यंत होतं, आणि जिथं नव्हतं तिथं ते मी स्वतः पोचवत होतो. तीर्थपुरीच्या शिवारात मी बसवलेली मोटर चालू केली की शेजारच्या विहिरीतले बेडूक इकडच्या पाइपातून बाहेर पडतात, असं मी सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. पुढं पुढं ते बेडूक मी स्वतः पाहिल्यासारखं मलाच वाटायला लागलं.

गल्ल्यापुढच्या फळीवर मी जिन्नस मांडले. एक कूलरचा पंप, बसला होता त्याच जातीचा: मोटर वर हवेत, दांडा खाली पाण्यात. त्याची मोटर तापली तर हवा तापते, पण त्याचं बुश चार महिने दिवसरात्र चालायला केलेलं नसतं. दुसरा बाहेर ठेवायचा पाव एचपीचा, पाइप जोडून चालणारा. आवाज फार. आणि तिसरी, जिच्यावर मी आधीच हात ठेवून उभा होतो, ती पाण्यात बुडवून ठेवायची अर्ध्या एचपीची मोटर. सीलबंद, आत तांब्याची वाइंडिंग, अंगावर एका बोटानं टिचकी मारली तरी घंटेसारखी वाजणारी.

“अर्धी कशाला?” शेठ म्हणाले. “हे काय मोसंबीची बाग हाय?”

“शेठ, लाइट किती येते आपल्याकडं? दोनशेतीस व्होल्टच्या जागी एकशेसत्तर. छोटी मोटर त्याच्यात जळते. म्हणून एक नंबर मोठी घ्यायची. हे मी तुम्हाला सांगू का? तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता.”

हे खरं होतं. आमच्या भागात कुणीही शेतकरी मापाची मोटर घेत नाही. तिनाची गरज असली की पाचाची नेतो, कारण लाइट कमी येते आणि मोटर जळाली की पीक गेलं. अख्खा जिल्हा असाच चालायचा.

“अन् गरम झाली तर?”

“पाण्यातली मोटर गरम होत न्हाई,” मी म्हणालो. “पन्नास विहिरींत उतरून हात लावून पाह्यलंय मी. भर मे महिन्यात रांजणासारखी गार.”

हेही खरं होतं. दोन्ही खरंच होतं, म्हणून तर माझी जीभ एवढी सरळ चालली.

दोन दुकानं सोडून उस्तादांचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी भरून भरून त्यांच्या बोटांची टोकं तांब्याच्या रंगाची झाली होती. मी मोटर हौदात उतरवत होतो तेव्हा ते तार मागायला आले आणि तिथंच उकिडवे बसून बघत राहिले. पाणी फार जोरात वर जात होतं, मासे भिंतीला जाऊन आदळत होते, म्हणून मी मधे कॉक लावून निम्म्याहून जास्त पाणी परत हौदातच वळवलं होतं.

“पाटील,” उस्ताद म्हणाले, “कुएँ में मोटर ठंडी रहती, वो मोटर की खूबी नहीं. कुएँ की है. इधर पानी कितना है? इसकी गर्मी जाएगी किधर?”

“जाएगी उस्ताद, काच से बाहर.”

“काच के बाहर चव्वेचालीस डिग्री है.” त्यांनी कॉककडं बोट दाखवलं. “और ये जो आप घुमा रहे, ये तो चाय घोटने का काम है. मेरी मानो, छोटी लो, मोटर बाहर रहनेवाली, और दो लो. एक दिन ये, एक दिन वो. जलेगी तो मैं भर दूँगा. मासा थोडी भरके देता मैं.”

मी हसलो. म्हणालो, “उस्ताद, तुमचा धंदा जळालेल्या मोटरीवर चालतो, म्हणून तुम्ही जळणारी मोटर सांगून राह्यले.”  ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि तार घेऊन गेले.

वर घराकडं जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी जीजी उभी होती. तिनं विचारलं, “उस्ताद काय म्हणत होते?”

“म्हणत होते, मोटर एक नंबर हाय.”

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. बेडकांची काय, त्याहून मोठ्या. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही, कारण ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं. ही थाप अगदी लहान होती. पाच-सहा शब्दांची. आणि ऐकणारीला ठाऊक नव्हतं.

मोटर चालू झाली. काय चालली म्हणून सांगू. एकशेसाठवर लाइट आली तरी फिरायची, एकशेचाळीसवर घुमायची पण थांबायची नाही. लाइट रोज सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास जायची, तेव्हा शेठ आणि जीजी स्टुलावर बसून तांब्यानं पाणी घालायचे. शेठचा दंड त्या उन्हाळ्यात पैलवानासारखा झाला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. मी येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन दाखवायचो. म्हणायचो, ही मोटर माझ्या मयताला पण चालू राहील. लाइट जात होती म्हणून आठ तासांत पाणी निवत होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. लाइटीला मी शिव्या घालत होतो आणि मासे तिच्या जाण्यावरच जगत होते.

मग मुंबईहून कुणी मोठे पाहुणे सर्किट हाऊसवर उतरणार म्हणून गावाला सलग लाइट मिळाली. सकाळी गेली नाही, संध्याकाळी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही. लोक एकमेकांना थांबवून सांगायला लागले. पिठाच्या गिरणीवाल्यानं रांगेतल्या बायांना हाकलून दिलं, म्हणाला, उद्या या, उद्या पण लाइट आहे. माझ्या घराच्या गल्लीत तर एकानं कूलरपुढं खाट टाकून जावयाला बोलावलं. मी त्या दोन दिवसांसाठी जाफराबादला विहिरीवर मोटर बसवायला गेल्तो. निघताना जीजीला सांगितलं, “आता तांब्या ठेवून द्या. दोन दिवस आराम करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमध्ये अठरा माणसांत एकोणिसावा होऊन परत आलो. खरं सांगतो, आतमध्ये अठराच होती, मी बाहेर लटकलो होतो. दुकानात आलो तर शेठ गादीवर बसलेले. समोर गिऱ्हाईक नाही. मला वाटलं, ओरडतील, काहीतरी म्हणतील, एवढा उशीर का म्हणून तरी विचारतील. त्यांनी मानेनंच आत जा म्हणून खुणावलं.

मागच्या खोलीत मोटर चालू होती. तिच्या आवाजात काहीच फरक नव्हता. वर पाण्याची धार त्याच जोमानं पडत होती, आणि त्या धारेच्या लाटेनं एकतीस मासे पांढरी पोटं वर करून एका कडेला जमा झाले होते, गोल फिरत होते, परत जमा होत होते. जीजी खाली फरशीवर बसली होती. बटण बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मोटर थांबली की मासे मरतात, एवढंच आम्ही सगळे शिकलो होतो. ती चालत राहण्याची भीती त्या घरात कुणाला माहीतच नव्हती.

बटण मी बंद केलं. पाण्यात हात घातला. थंडीत आंघोळीला काढतात तसं पाणी होतं. मग हौदात हात घालून मोटरला लावला. तिला काही झालं नव्हतं. ती पाण्याएवढीच ऊन होती, त्याहून जास्त नाही. आपली सगळी गरमी तिनं आधीच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

मी तिथल्या तिथं बोलायला लागलो. म्हणालो, तलावातले मासे, आधीच रोगट असतील. म्हणालो, यंदाचं ऊनच असं, दुकानाबाहेरच्या पाइपात फुंकर घातली तर दुसऱ्या टोकाला वाफ निघते. म्हणालो, कणकेच्या गोळ्या जास्त पडल्या असतील. माझं तोंड चालू होतं आणि मला त्याचं बटण सापडत नव्हतं. जीजी फरशीवरून उठली. तिनं एक पांढरं फडकं आणलं, मासे एकेक करून त्यावर ठेवले. एकतीस झाल्यावर फडक्याची चारी टोकं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, “जीजीनं उपवास धरला.”

“एक दिवस?”

“एकतीस.”

त्यांचा उपवास म्हणजे आपला साबुदाणा-भगरीचा नव्हे. काहीच नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. जीजीला साखरेचा आजार होता, वय साठीला आलं होतं. डॉक्टर येऊन गेले, समजावून गेले. तिच्या देवळातल्या बायका आल्या, म्हणाल्या, एक दिवस आड धर. तिनं ऐकून घेतलं आणि धरला तसा धरला. जितके जीव तितके दिवस. शेठ रोज सकाळी खाली येऊन मला नुसता आकडा सांगायचे. आज चौथा. आज सहावा. वर गॅसवर पाण्याचं पातेलं उकळायला ठेवलं की त्याचा आवाज जिन्यावरून खाली यायचा, आणि मी फळीवरच्या मोटरी पुसायला लागायचो.

गोष्टीचा शेवट राखून ठेवायची माझी जुनी सवय, पण इथं राखवत नाही. तिनं एकतीस पुरे केले. पुरे करून उठली ती भिंत धरून, आणि पुढं भिंत सुटलीच नाही. डोळे गेले, मग पाय गेले. दुसऱ्या वर्षी तलाव काठोकाठ भरला तेव्हा जीजी नव्हती. ती मोटर शेठनी एका शेतकऱ्याला दिली, ती अजून चालते असं मी ऐकून आहे. पंपाचं कुणी विचारलं की मी आजही बरोबर सांगतो: पाणी थोडं असेल तर मोटर बाहेर ठेवा, लहान घ्या, आणि एकाच्या जागी दोन घ्या. लोक म्हणतात, पाटलाला काय अनुभव आहे. उस्तादांचं नाव मी घेतो की नाही, ते त्या दिवशीच्या माझ्या हिमतीवर असतं.

त्या उपवासाच्या नवव्या दिवशी शेठनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी हात जोडून बोलले.

“वर जाऊन तिला सांग. चूक तुझी होती म्हणून सांग. तिची न्हाई म्हणून सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर सोडेल ती.”

मी वर गेलो. जीजी खिडकीखाली सतरंजीवर पडून होती. तोंड एवढंसं झालं होतं, ओठांना भेगा. मी दारातच बसलो. जीजी, म्हणालो, तुमचा काही दोष नाही. मोटर मी निवडली. लहान पुरत होती, मी मोठी घातली, आणि ती मोठी आहे हे चार लोकांना दाखवत बसलो. उस्तादांनी मला सांगितलं होतं की पाणी तापेल. तुम्ही विचारलं तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली, एक बेडूक जास्त घातला नाही. म्हणालो, पाप माझं आहे, उपवास मी करतो, तुम्ही सोडा. तुमच्यात असं चालतं का मला माहीत नाही, पण मी करतो.

तिनं सतरंजीवरचा हात उचलून बोटांकडं बघितलं.

“पाणी मला गरम लागत होतं भैया,” ती म्हणाली. “रोज सकाळी हात घालायचे मी. मोटर एक नंबर हाय असं तू सांगितलं होतं, म्हणून गप राह्यले.”